गिरणीच्या विणकाम खात्यापासून ॲपच्या 'पार्टनर'पर्यंत : कामगार संघटना समजून घेताना

दरवर्षी १ मे आणि १४ एप्रिल आला की आपल्या मोबाईलवर एक संदेश फिरतो : बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले. आपण तो वाचतो, पुढे पाठवतो, अभिमान बाळगतो. पण ज्या वस्तीत हा संदेश फिरतो, त्याच वस्तीतला सुरक्षारक्षक बारा तासांची पाळी करतो, सफाई कामगार ठेकेदाराकडे राबतो आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या तासांचा हिशेब तर कुणीच ठेवत नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क आपल्या घरापर्यंत पोहोचला का, हा प्रश्न त्या संदेशाखाली कुणी विचारत नाही.

हा लेख त्यासाठी आहे. वेगवेगळ्या उद्योगांत कामगार कसे संघटित झाले, कायद्याने त्यांना काय दिले, जात कुठे आडवी आली आणि आज संघटना बांधायची तर सुरुवात कुठून करायची, याची माहिती आम्ही एकत्र मांडत आहोत. तरुण कार्यकर्त्यांनी ती जपून ठेवावी, अभ्यासवर्गात वापरावी.

सुरुवात सत्यशोधकाने केली

भारतातील कामगार चळवळीचा इतिहास बरेचदा १९२० पासून, म्हणजे मुंबईत आयटकची स्थापना झाली तेव्हापासून सांगितला जातो. महाराष्ट्रात मात्र त्याआधी छत्तीस वर्षे एक सत्यशोधक कार्यकर्ता गिरणी कामगारांच्या सभा घेत होता. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या : आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार वेळेवर आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

रविवारची सुट्टी सरकारने आपणहून दिली असे अनेकांना वाटते. ती सह्यांनी आणि सभांनी मिळाली. ज्यांच्याकडे पैसा, मतदानाचा हक्क आणि नोंदणीकृत संघटना यांपैकी काहीही नव्हते, त्यांनी ती मिळवली.

गिरणी : संप एक, पाण्याचे माठ दोन

मुंबईच्या गिरण्यांत हजारो दलित कामगार होते, पण सगळ्या खात्यांत नव्हते. विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण दिले जाई ते असे : धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण विणकर हातात घेणार नाही, म्हणून त्याला त्या खात्यात नोकरीच नाही. पाण्याचे माठही अनेक ठिकाणी वेगळे असत.

१९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी उभी राहिली. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर मागणी ठेवली की दलित कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश मिळावा, हे संपाच्या मागण्यांत आले पाहिजे. मजुरी वाढावी म्हणून सगळ्यांनी उपाशी राहायचे आणि वाढलेली मजुरी मिळणाऱ्या खात्याचे दार मात्र काहींना बंदच, हे कसे चालेल, असा तो सवाल होता. पुढाऱ्यांनी ही मागणी फारशा उत्साहाने स्वीकारली नाही. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. आधीच्या दीर्घ संपाने कर्जात बुडालेल्या दलित कामगाराला आणखी उपास काढणे शक्य नव्हते.

यावरून बाबासाहेब संपाच्या विरोधात होते असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात. त्यांनी पुढची नऊ वर्षे वाचलेली नसतात.

रेल्वे, खोती आणि १९३८

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावातच मजूर होता. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधिमंडळात या पक्षाने कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला.

त्यानंतर सुमारे महिनाभराने, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. रेल्वेत दलित कामगार आयुष्यभर गँगमन म्हणूनच राहतो, असे बाबासाहेबांनी तिथे दाखवून दिले. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. याच भाषणात त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व जातींत शिरलेली आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. आपल्याकडे पहिले वाक्य पाठ असते, दुसरे विसरले जाते.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. सक्तीच्या समेट-प्रक्रियेआधी संप करणे त्याने बेकायदा ठरणार होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, आणि माणसाला इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी मतभेद होते त्यांच्यासोबत बाबासाहेब उभे राहिले. मतभेद मिटलेले नव्हते, पण कामगाराच्या हक्कावर घाला आला होता.

मजूरमंत्री बाबासाहेब : नेमके काय केले

जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. या काळाबद्दल खूप काही फिरते, म्हणून नेमके लिहितो.

कामाचे तास : १९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यात प्रौढ कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास झाली. ४८ तास सहा दिवसांत वाटले की आठ तास होतात. 'चौदाचे आठ' हा हिशेब कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. खरे काम पुरेसे मोठे आहे, त्याला फुगवण्याची गरज नाही. फुगवलेली गोष्ट विरोधक एका मिनिटात खोडतो आणि खरी गोष्टही तिच्यासोबत बदनाम होते.

स्थायी आदेश : १९४६ च्या कायद्याने १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना सेवाशर्ती लिहून, प्रमाणित करून लावणे बंधनकारक झाले. त्याआधी मालकाचा शब्द हाच नियम होता.

किमान वेतन : विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मांडले गेले, १९४८ मध्ये कायदा झाला.

संघटनेला मान्यता : नोव्हेंबर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी मालकाने प्रातिनिधिक युनियनला मान्यता देणे सक्तीचे करणारे दुरुस्ती विधेयक मांडले. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती संसदीय पातळीवर मंजूर झाली, पण ती कधीच अमलात आणली गेली नाही. युनियन नोंदवता येते, पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे नाही, ही अडचण देशभरातील कामगारांना पुढे अनेक दशके भोगावी लागली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये आपला वेगळा कायदा करून काही प्रमाणात वाट काढली : ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत किमान ३० टक्के सदस्य असलेल्या युनियनला मान्यता मागता येऊ लागली.

मान्यता कुणाला, हा प्रश्न किती महाग पडतो हे १९८२ ने दाखवले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. कामगार सामंतांमागे होते, कायद्याने प्रतिनिधी मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता. ज्यांच्यामागे कामगार त्यांच्याशी बोलायचे नाही आणि ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्यामागे कामगार नाहीत, अशा कोंडीत संप रखडला. गिरणगाव उठले ते पुन्हा बसले नाही.

सफाई : 'स्वयंसेवक' नावाचा कामगार

सफाईच्या कामात जात लपवता येत नाही. मुंबई महापालिकेच्या कामगारांची संघटना बाबासाहेबांनी स्वतः बांधली होती. कायम नोकरी, पगार, वसाहती, निवृत्तिवेतन हे टप्प्याटप्प्याने मिळाले. मग नव्वदच्या दशकापासून ठेका आला. तेच काम, तेच हात, पण हजेरीपुस्तक बदलले.

ठेकेदार कायदा तेव्हा २० किंवा अधिक कामगारांना लागू होत असे, म्हणून कामाचे छोटे छोटे तुकडे पाडले गेले. काही ठिकाणी ठेकेदाराला 'संस्था' आणि कामगाराला 'स्वयंसेवक' म्हटले गेले. स्वयंसेवकाला किमान वेतन लागत नाही, रजा लागत नाही, भविष्य निर्वाह निधी लागत नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा डाव न्यायालयात नेला आणि रस्त्यावरही लढवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. निकालानंतरही नावातील चुका, कागदपत्रे आणि पडताळणीत कामगारांना झगडावे लागले. ज्यांनी वर्षानुवर्षे हजेरीचा पुरावा जपला त्यांना बळ मिळाले. हा धडा प्रत्येक ठेका कामगाराने लक्षात ठेवावा.

गटारात उतरवून माणसे मारण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. २०१४ मध्ये सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. आपल्या भागात अशी घटना घडली तर पहिल्या दिवशी कुटुंबाला 'पाच लाख घ्या आणि मिटवा' असे सांगणारे येतात. आपला कार्यकर्ता त्यांच्या आधी पोहोचला पाहिजे, आणि त्याला हा आकडा माहीत असला पाहिजे.

कागद, काच, पत्रा : मालक नसलेल्यांची युनियन

मालकच नसेल तर युनियन कुणाविरुद्ध? पुण्यातील कचरावेचक महिलांनी याचे उत्तर दिले. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. सदस्यांत बहुसंख्य दलित महिला. त्यांची पहिली मोठी मागणी पैशाची नव्हती. चोर म्हणून पोलीस पकडतात, म्हणून ओळखपत्र हवे होते. ते मिळाले. मग आरोग्य विमा आला, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने दारोदार कचरा गोळा करण्याचा पुणे महापालिकेशी करार केला. कचराकुंडीत हात घालणारी बाई घरासमोर हक्काने उभी राहू लागली.

याच्या मागे पुण्याच्या हमालांचा अनुभव होता. डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या माथाडी कामगारांना संघटित केले. या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. हमाल आज या व्यापाऱ्याचे पोते उचलतो, उद्या त्याचे. एक मालक नाही. म्हणून कायद्याने मंडळ केले. कामगारही मंडळाकडे नोंदवला जातो आणि मालकही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे जमा होते, आणि त्यातून कामगाराला पगार, बोनस, रजा, भविष्य निर्वाह निधी मिळतो. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी आज जे उपाय सुचवले जातात, त्यांचा सांगाडा महाराष्ट्राच्या हमालांनी पन्नास वर्षांपूर्वी उभा केला आहे.

मानधन, प्रोत्साहन भत्ता आणि पगार

आशा ताई सरकारच्या कागदावर 'स्वयंसेविका' आहेत, अंगणवाडी सेविकांना 'मानधन' मिळते. लसीकरण, बाळंतपणाची नोंद, कोविडचे सर्वेक्षण, पोषण आहार ही कामे मात्र ठरलेली आणि तपासली जाणारी. महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा ताईंनी २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये संप केला. डिसेंबर २०२३ पासून अंगणवाडी सेविका दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निर्णय दिला होता. मानधन म्हटले तरी कामाची किंमत नाकारता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार.

ऊसतोड कामगारांत हाच खेळ वेगळ्या शब्दाने चालतो. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल घेतो मुकादमाकडून, कर्ज फिटेपर्यंत सुटका नाही, आणि कारखाना म्हणतो, आमचा कामगारच नाही. बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेबच नाही, कारण तिचे नाव कोयत्यात विरघळले आहे.

आता ॲप कंपन्यांनी नवा शब्द आणला : पार्टनर. पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, अपघात त्याचा, आणि खाते बंद करण्याचा अधिकार कंपनीचा. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी पहिला स्वतंत्र कायदा केला.

धोट्याच्या निमित्ताने विणकाम खात्याबाहेर ठेवले गेले, तेव्हापासून आजपर्यंत शब्द बदलत आले आहेत : अस्पृश्य, बदली, ठेका, स्वयंसेवक, कोयता, पार्टनर. प्रत्येक शब्दाने काम घेतले आणि कामगारपण नाकारले. म्हणून प्रत्येक उद्योगातील पहिली लढाई ही आहे की आम्हाला कामगार म्हणा.

नव्या संहिता : काय बदलले

२०१९ आणि २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कार्यकर्त्यांना माहीत हवेत असे काही मुद्दे :

- युनियन नोंदणीसाठी किमान ७ सदस्य लागतात आणि आस्थापनेतील किमान १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जे कमी असेल ते, सदस्य असावे लागतात.
- ५१ टक्के सदस्य असलेल्या युनियनला एकमेव वाटाघाटी युनियन मानले जाते. कुणाकडेच तेवढे नसतील तर किमान २० टक्के सदस्य असलेल्या युनियनांचे प्रतिनिधी घेऊन परिषद बनते.
- प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपाची नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर १४ दिवस संप करता येत नाही. समेटाची कार्यवाही सुरू असतानाही संपाला बंदी आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप धरला जातो.
- स्थायी आदेशांची अट आता ३०० कामगारांच्या आस्थापनांना आहे. १९४६ च्या कायद्यात हा आकडा १०० होता.
- ठेका कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० झाली.

१९३८ मध्ये बाबासाहेबांनी ज्या गोष्टीला विरोध केला होता आणि १९४६ मध्ये जी गोष्ट कायद्यात आली, त्या दोन्ही आता कुठे आहेत हे वाचकांनी स्वतः ताडून पाहावे. १४ एप्रिलच्या भाषणात हा मुद्दा आला पाहिजे.

सुरुवात कशी करायची

१. पुरावा जमवा. ओळखपत्र, हजेरीचा फोटो, पगाराचे बँक पासबुक, ठेकेदाराचे व्हॉट्सॲप संदेश, गणवेशावरील नाव. हे सगळे तारखेनुसार ठेवा.

२. हक्क तपासा. २० किंवा अधिक कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधी, १० किंवा अधिक असतील तर ईएसआय. कापलेली रक्कम खरोखर जमा होते का ते प्रत्येकाने आपल्या मोबाईलवर पाहावे. बऱ्याच युनियनांचा जन्म याच तपासणीतून झाला आहे.

३. मुख्य मालक ओळखा. ठेकेदाराने पगार थकवला तर मुख्य मालकाची जबाबदारी येते. अर्ज दोघांच्याही नावे द्या.

४. सात जण मिळवा, पण एकाच जातीचे आणि एकाच वस्तीचे नकोत. स्त्रिया पदाधिकारी असाव्यात, केवळ सदस्य नव्हे.

५. वर्गणी घ्या, पावती द्या, हिशेब वाचून दाखवा. वर्गणीशिवाय संघटना दुसऱ्याच्या खिशावर चालते आणि दुसऱ्याच्याच तालावर नाचते.

६. मागण्या मोजक्या ठेवा. लोखंडे यांच्या निवेदनात पाच होत्या.

बांधकाम कामगारांनी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. ई-श्रम कार्डही काढावे. पण नोंदणी म्हणजे संघटना नव्हे. कार्ड योजनेचा लाभ देते, मालकाशी बोलत नाही.

आपल्या घरातला प्रश्न

शेवटी थोडे कटू. आपल्या समाजातील बँका, रेल्वे, टपाल, वीज मंडळ, शिक्षण खाते येथील कायम कर्मचाऱ्यांच्या संघटना चांगल्या बांधलेल्या आहेत. पदोन्नती, रोस्टर, अनुशेष यावर त्या लढतात आणि त्या लढल्याच पाहिजेत. पण त्याच कार्यालयाचा जिना झाडणारी ठेक्यावरची बाई बऱ्याचदा आपल्याच वस्तीतली असते, आणि तिला किमान वेतन मिळते का, हे संघटनेच्या बैठकीत कुणी विचारत नाही. तिच्या पदावर आरक्षण नाही, कारण ते पदच राहिलेले नाही. कायम जागा ठेक्यात गेली की आरक्षणही तिच्यासोबत जाते. म्हणून ठेका कामगाराची लढाई ही आरक्षणाची लढाई आहे.

दुसऱ्या बाजूने, मोठ्या युनियनांतही जातीचा प्रश्न 'फूट पाडणारा' म्हणून बाजूला सारला जातो. १९२८ मध्ये तेच सांगितले गेले होते. आपण त्या युनियनमध्ये जावे, पदावर बसावे आणि तिथे विणकाम खात्याचा प्रश्न विचारत राहावे. मनमाडचा अर्थ आम्हाला एवढाच कळतो : दोन्ही शत्रूंशी एकाच वेळी लढायचे, एकाला सवलत देऊन दुसऱ्याशी नाही.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास थांबा. जमलेल्यांपैकी किती जण ठेक्यावर आहेत, किती जणांचा भविष्य निर्वाह निधी जमा होतो, किती जणींना पगारी रजा आहे, एवढेच विचारा आणि वहीत लिहा. तो रविवारही लोखंडे आणि त्या दहा हजार कामगारांनी मिळवून दिलेला आहे.

जय भीम.